थोमकाकूची गाडी आणि जळता कागद

मी एक जुनी हातगाडी आहे. व्हिएतनाममधल्या सायगाव शहरात, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभी असते. म्हणजे, असायची. माझी डावी बाजू आता कोळसा झाली आहे, काच तडकली आहे, आणि भंगारवाली बाई दुपारी येते म्हणून सांगून गेली आहे. मित्रांनो, ती येण्याआधी माझं ऐकून घ्या.

थोमकाकूच्या नवऱ्याने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. तो गेला आणि काकूच्या आधाराला मी उरले. वर काचेमागे पाव, खाली शेगडी. काकू पाव शेकून कुरकुरीत करायची, चिरून आत कलेजीचा लेप, अंडं, गाजरमुळ्याचं आंबटगोड लोणचं, कोथिंबीर आणि मिरची भरायची. हमालांपासून शाळेच्या मुलांपर्यंत सगळ्यांना परवडणारा तो 'बान्ह मी'! चावला की एवढा चुरा उडायचा, की चिमण्यांचीही न्याहारी व्हायची.

"काकू, मिरची जरा हात राखून! काल बायकोला वाटलं, मी तिच्या आठवणीने रडतोय," एखादा हमाल म्हणायचा.

"मग बरंच झालं की मेल्या! रात्री गोडधोड मिळालं असेल."

रोजची भवानी मात्र साउआजोबांची. सायकलरिक्षा चालवून म्हातारा पार वाकला होता, पण हातगुण मोठा चांगला. त्यांनी पहिला पाव घेतला की दुपारच्या आत टोपली रिकामी, अशी काकूची खात्री होती. माझीही होती, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे एक रीत आहे. पहिलंच गिऱ्हाईक काही न घेता परतलं, तर कागद पेटवून गाडीखालून फिरवायचा. त्याच्यामागून आलेली अवदसा पळते म्हणे.

एके सकाळी आजोबा आले, पावांकडे बघत राहिले आणि "आज नको" म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. नेमकं त्याच सुमाराला कोपऱ्यावर असल्याच पावांचं, थंडगार हवेचं नवं दुकान उघडलं आणि आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली. संध्याकाळी टोपलीत पाव वातड होऊन पडू लागले. गाडी बसली, तर काकूला गावी दिराच्या दारात तुकडे मोडत राहावं लागणार होतं. पण तिने दोष दिला आजोबांना. चोर सोडून संन्याशाला फाशी!

काल आजोबा पुन्हा नुसते बघून वळले आणि काकूचा धीर सुटला. तिने रद्दीचा बोळा पेटवला आणि माझ्याखालून फिरवत ओरडू लागली, "जा! म्हाताऱ्याची इडापिडा, जा! माझ्या पोटावर का उठलीस?" रागाच्या भरात तिने बोळा फार वर नेला. जाळ पाव बांधायच्या कागदांना लागला आणि कागदांचा मला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी नुसती जळत राहिले.

पाण्याची बादली घेऊन धावले ते आजोबाच. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आग विझल्यावर त्यांनी बोटाने ओठ वर केला. तोंडात एकही दात नव्हता. "चावू कशाने पोरी? होते नव्हते तेही दात पडले. वास घ्यायला येत होतो."

"मग बोलला का नाहीत हो?"

"लाज वाटली गं. इतकी वर्षं ऐटीत पाव मागितला. आता काय, मऊ मऊ भरव म्हणू?"

काकू मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मग उठून तिने माझ्या उजव्या कोपऱ्यात वाचलेला एक पाव घेतला. त्याच्या आतला मऊ गाभा काढला. गिऱ्हाइकांना नको असलेला हाच गाभा ती रोज कुत्र्यांना टाकायची. त्यात लेप कालवून तिने आजोबांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला. माझ्यावरची ती शेवटची विक्री.

मित्रांनो, रोजचं माणूस दारातून परत फिरू लागलं, तर आधी त्याला विचारा. एका प्रश्नाने मी वाचले असते. आमच्या काकूने तेवढं केलं असतं, तर कोपऱ्यावरच्या दुकानाशीही आम्ही झुंजलो असतो.

आज सकाळीही आजोबा वेळेवर आले, भवानी करायला. काकूपाशी ना शेगडी उरली होती, ना गाडी. दोघं माझ्याकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली. आता गल्लीत भंगारवालीची हाळी ऐकू येते आहे. काकूने माझी मूठ धरली आहे, आणि ती काही केल्या सोडत नाही.