चौथं कडं

बोटीत पाणी वाढतंय हे मला आधी आवाजावरून कळलं. उपसायचा पंप पूर्वी तासाभरात एकदा दोन मिनिटं चालायचा. त्या आठवड्यात तो थांबेनासा झाला, आणि बुधवारी सकाळी थांबला तो कायमचाच. जळला. मग आम्ही तिघं पाळीपाळीनं बादलीनं पाणी काढत बसलो: हे, माझे धाकटे दीर आणि मी.

पाणी कुठून येतंय ते आम्हाला ठाऊक होतं. इंजिनापासून निघालेला शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. शाफ्ट फिरायचा तर त्याची नळी थोडी सैल हवी, आणि सैल नळीतून पाणी आत येणारच. म्हणून नळीच्या आतल्या तोंडाशी एका पितळी डबीत, चरबी माखलेल्या दोरीची चार कडी शाफ्टभोवती दाबून बसवतात आणि वरून मोठा नट आवळतात. हीच पॅकिंग. आमची सहा वर्षांची झाली होती. हे दर महिन्याला नट थोडा आवळायचे. आता आवळायला आटेच उरले नव्हते.

"रुळावर घ्या," मिस्त्री फोनवर म्हणाले. म्हणजे बोट पाण्याबाहेर ओढून घ्या. पण रुळावर दुसऱ्याची मोठी बोट तळ उघडून पडली होती, ती दहा दिवस हलणार नव्हती.

"मग पाण्यातच करा. बाहेरून नळीच्या तोंडाशी कापड गुंडाळा, घट्ट. आतून पॅकिंग बदला. करतात लोक." मग जरा थांबून म्हणाले, "डबी उघडी असताना कापड सुटू देऊ नका म्हणजे झालं."

करतात लोक. ते लोक मला कधी भेटले नाहीत.

बाहेरून कापड गुंडाळायचं म्हणजे कोणीतरी बोटीच्या बुडाखाली, पंख्यापाशी जायचं. ते हेच जाणार. दिरांना पोहता येतं, पण डोकं पाण्याखाली गेलं की त्यांचे हातपाय गळतात. आणि आतलं काम माझ्याकडे, कारण ती डबी इंजिनाच्या मागे एका खाचेत आहे, तिथे यांचा पंजा शिरत नाही. माझा शिरतो.

"देवानं हे हात तुला भांडी घासायला दिलेले नाहीत," हे म्हणाले.

"मग इतकी वर्षं कशाला घासून घेतलीत?"

दीर खो खो हसले. मीही हसले.

दुपारी घरी ओट्यावर मी नवी कडी कापली. लाटण्याला कागद गुंडाळत गुंडाळत शाफ्टइतकी जाडी केली, त्यावर दोरीचे चार वेढे घेतले आणि ब्लेडनं तिरका छेद दिला. चार कडी सुटी झाली. तिरका छेद अशासाठी की दोन टोकं एकावर एक बसावीत, फट राहू नये. चारही कडी मी पुन्हा पुन्हा लाटण्यावर बसवून पाहिली. फट नव्हती.

आमच्या घरात एक पद्धत आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी पंख्यात जाळं अडकलं आणि ते सोडवायला हे पाण्याखाली गेले. मी धक्क्यावर उभी. कोणाकडेच घड्याळ नव्हतं, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी रोजचं नाम घेत राहिले. साठाव्या नामाला यांचं डोकं वर आलं. पुढच्या वेळीही साठच. तेव्हापासून ठरूनच गेलं: यांचा श्वास साठ नामांचा. ऐंशी झाली आणि हे वर आले नाहीत, तर कमरेची दोरी ओढायची. दीर कधी मोजत नाहीत. ते मला विचारतात.

गुरुवारी सकाळी भरती थांबून पाणी स्थिर झालं तेव्हा आम्ही सुरुवात केली. यांनी इंजिनाची चावी काढून स्वतःच्या गळ्यात घातली. कमरेला दोरी बांधली, तिचं दुसरं टोक दिरांच्या हातात. खांद्यावर रेनकोटच्या कापडाची लांब पट्टी, आतून ग्रीस फासलेली. मी फळ्या उचलून इंजिनाच्या मागे उतरले, कुशीवर आडवी झाले. तिथे डिझेलचा वास, घोट्याएवढं पाणी आणि डोक्याच्या वर झाकणाएवढं आकाश. त्या आकाशात दिरांचे पाय.

"वहिनी, गेला हं दादा."

मी मोजायला लागले. पहिल्या बुडीत हे पंचावन्नला वर आले. दुसऱ्या बुडीत साठला. "कापड बसलं," हे वरून म्हणाले, "आता दोन गाठी राहिल्या."

तिसऱ्यांदा गेले तेव्हा माझा कान पाण्यावरच्या तिरक्या फळीला टेकलेला होता. यांचे हात मला ऐकू येत होते. नळीवर कापड घासत होतं, नखं लाकडावर खरवडत होती. आमच्यामध्ये दोन बोटं जाडीची फळी. मग घासणं थांबलं.

काहीच ऐकू येईना. मी नाम घेत होते, पण डोळ्यांसमोर पंख्याचं पातं येत होतं, त्यात दोरी, दोरीत हे. पन्नास झाली. साठ झाली. खालून चाहूल नाही. सत्तर. ऐंशी.

"भावजी, ओढा!"

वर पाय धडपडले. पाणी खळबळलं, आणि मग यांचा खोकला ऐकू आला. असा खोकला मी कधी ऐकला नव्हता. नाकातोंडातून पाणी येत होतं.

"कोणी ओढलं मला?" श्वास मिळताच यांनी विचारलं. "गाठ मारत होतो मी! अर्धा श्वास शिल्लक होता. तोंड उघडलं ना माझं, ओढलंस तसं!"

अर्धा श्वास. माझ्या लक्षात आलं. साठनंतरची वीस नामं मी एका दमात घेतली होती. कदाचित त्याआधीचीही. भीतीनं नाम पळवलं होतं आणि मी त्याच्यामागे पळाले होते.

"मला वाटलं तू अडकलास," दीर म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मीही घेतलं नाही.

"एक गाठ बसलीय. धरेल," हे म्हणाले. "तू कर गं सुरू. पाणी स्थिर आहे तोवर उरकू."

मी पाना लावला. नट पाव पाव फेऱ्यानं मागे आला, आणि पाणी अंगठ्याएवढ्या धारेनं येऊ लागलं. एवढं चालणार होतं. कॉर्कस्क्रूसारख्या, पीळदार टोकाची तार पहिल्या कड्यात फिरवली आणि खेचली. काळा चिखल झालेली दोरी बाहेर आली. दुसरं कडं तुकड्यातुकड्यानं आलं. तिसरं अख्खं आलं. दीर फळ्यांमधून बादली भरून भरून वर घेत होते. चौथं कडं डबीच्या तळाशी दगडासारखं बसलं होतं. तार दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी सगळा जोर लावला आणि ते निघालं.

त्याच क्षणी बाहेरची गाठ सुटली.

पाणी शाफ्टच्या चारी बाजूंनी आत घुसलं. तोंडावर आलं, डोळ्यांत गेलं, आणि खाऱ्या गार पाण्यात मला आधी आपण किंचाळतोय हेसुद्धा कळलं नाही. नवं कडं मी डबीच्या तोंडाशी धरलं, पाण्यानं ते भिरकावून दिलं. हाताचा पंजा लावला, तर बोटांमधून तेवढंच पाणी.

"काय झालं?"

"कापड सुटलं! अहो, सगळं सुटलं!"

वरून यांचा चेहरा दिसला. ओठ निळसर झाले होते. उजव्या हाताची बोटं बुडाला चिकटलेल्या शिंपल्यांनी कापली होती, रक्त मनगटावरून ओघळत होतं. यांनी एकदाच आत पाहिलं आणि कमरेकडे हात नेला.

"दादा, दोरी कशाला सोडतोस?"

"परत ओढशील. आता मध्येच ओढलंस तर बोट गेली."

"नाही ओढत, आई शप्पथ!"

"तुझी शप्पथ ठेव तुझ्याजवळ."

गाठ सुटत होती. पाणी माझ्या बरगड्यांवर चढलं होतं. मी गप्प राहिले असते तर हे दोरीशिवाय गेले असते, दमलेल्या छातीनं, कापलेल्या हातानं, आणि त्या बुडाखाली काही झालं असतं तर आम्हाला यांना ओढायला काहीही उरलं नसतं.

"मी ओढायला सांगितलं!" मी ओरडले. आयुष्यात यांच्याशी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "भावजींचा दोष नाही. माझी मोजणी चुकली. मी घाबरले आणि नाम पळवत सुटले. दोरी सोडू नका. मी आता मोजणार नाही. तुम्ही दोन झटके द्याल तेव्हाच ओढायचं."

हे रागावलेत की काय, कळेना. यांनी सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

"दोन झटके," दिरांना म्हणाले, आणि गेले.

मी मोजलं नाही. न मोजणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. नाम आपोआप ओठांवर येत होतं, ते मी गिळत होते. एक हात डबीवर, एका हातात नवं कडं. फळीपलीकडे यांचा हात नळीला लागला, तो मला तळहाताला जाणवला. मग पाणी कमी झालं. पुन्हा जोरात आलं. पुन्हा कमी झालं, आणि कमीच राहिलं.

मी पहिलं कडं शाफ्टभोवती घातलं, लाकडाच्या ठोकळीनं तळापर्यंत दाबलं. दुसरं घातलं, त्याचा छेद पहिल्याच्या समोरच्या बाजूला येईल असा.

"वहिनी," दिरांचा आवाज चिरकला होता, "फार वेळ झाला. ओढू का?"

मी तिसरं कडं हातात घेतलं.

"वहिनी, ओढू का? सांगा ना!"

खालून काही ऐकू येत नव्हतं. माझ्या ओठांवर 'ओढा' आलं होतं. ते ओठांवरच धरून मी तिसरं कडं आत ढकललं. "झटके आले?"

"नाही."

"मग नका ओढू."

असं म्हणताना मी कोण होते, मला अजून सांगता येत नाही. चौथं कडं अर्धं गेलं आणि वाकडं झालं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं.

"आले! आले झटके!"

यांना वर घेतल्याचा आवाज आला. खोकला नव्हता, नुसता लांब, घरघरत घेतलेला श्वास. मग आणखी एक. मी चौथं कडं बसवलं, नट हातानं फिरवत पुढे आणला, मग पान्यानं. पाण्याची धार झाली, धारेचे थेंब झाले. तेव्हाच मी पाना खाली ठेवला.

मी वर आले. हे धक्क्याला टेकून बसले होते, डोळे मिटून. दिरांनी स्वतःचा सदरा यांच्या हाताला गुंडाळला होता. मी यांच्या पायाशी बसले.

थोड्या वेळानं यांनी डोळे उघडले. "कापड काढायला हवं."

मी ते विसरलेच होते. बाहेरचं कापड तसंच ठेवून इंजिन चालवलं असतं तर ते शाफ्टला गुंडाळून बसलं असतं. अजून एकदा खाली जायचं होतं.

"मी जातो," दीर म्हणाले. चेहरा पांढराफटक.

"तू गेलास तर तुला काढायला मला जावं लागेल. बस गप." हे उठले. दोरीचं टोक दिरांच्या हातातून घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. "तू धर."

"मी? अहो, मघाशी मीच तर..."

"म्हणूनच."

माझ्या हातांना ग्रीस होतं. मी ते साडीला पुसलं आणि दोरी धरली. हे पाण्यात उतरले, एकदा श्वास घेतला आणि दिसेनासे झाले. दोरी माझ्या बोटांतून सरकत गेली. थांबली. थोडी सरकली. पुन्हा थांबली. मी ती ताणली नाही, सैलही सोडली नाही. दीर माझ्या शेजारी उभे राहून पाण्याकडे बघत होते.

आधी कापड वर आलं. एकटंच. ग्रीस लागलेली बाजू वर करून ते बोटीच्या कडेला तरंगत राहिलं आणि दोरी माझ्या हातात निश्चल होती.

"वहिनी..."

"थांबा, भावजी."

एक झटका आला. मी जागची हलले नाही. मग दुसरा.