आत्यांचा तवा

“या तव्याला माझ्या आजीच्या काळापासून साबण लागलेला नाही,” हाल्डोरा आत्या मला म्हणाल्या होत्या. “लोण्यावर मुरलाय. नुसता पुसायचा. सांगून ठेवते हो, धुवायला जाऊ नकोस.” लग्न होऊन मी या खाडीकाठी आले त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. मी मान डोलावली आणि तव्याचा फोटो रेक्याविकच्या मैत्रिणींना पाठवला. आम्ही सगळ्या रसायनशास्त्र शिकलेल्या. फार हसलो.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, क्यार्तनच्या. त्याची आई लवकर गेली, त्यांनीच त्याला वाढवलं.

तीन वर्षांनी उना झाली. आठव्या महिन्यात तिनं कुणाच्या तरी बोटावरचं दही चाटलं आणि ओठ, डोळे, सगळा चेहरा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, दुधाचा कणही पोटात जाता कामा नये. गेलाच तर मांडीत हे इंजेक्शन, लगेच. तेव्हापासून मी राखण करते आहे. गावात दीडशे माणसं, एक दुकान, शाळेत अकरा मुलं, आणि सगळ्याच्या सगळ्यात लोणी. शाळेच्या फ्रिजवर मी यादी चिकटवली. कुणाचा वाढदिवस असला की उनाचा डबा वेगळा, चमचा वेगळा, बसायची जागा टेबलाच्या टोकाला. दुकानदार पाल्मी मला बघितलं की विचारायचा, “काय थोर्डिस, आज हवेत लोणी किती?” रांगेतले हसायचे. मीही हसायचे, कारण दुकान एकच.

नोव्हेंबरात आमचा सूर्य डोंगराआड जातो तो जानेवारीच्या शेवटी वर येतो. त्या दिवशी सगळं गाव सभागृहात जमतं, सूर्याच्या नावानं कॉफी पितं आणि साखर पेरून गुंडाळलेले पातळ पॅनकेक खातं. पॅनकेक आत्यांचे, त्यांच्याच तव्यावरचे. दुसऱ्या कुणाचे खायचे असतात हे गावाला माहीतच नाही. उना दर वर्षी तिथं तांदळाची कोरडी चकती चघळत बसायची. गेल्या वर्षी तिनं विचारलं, “मी मोठी झाले की मला मिळेल ना?” मी हो म्हटलं. खोटंच.

यंदा आत्या आपणहून घरी आल्या. “तुझं ते ओटचं दूध, तेल, काय हवं ते घालून पीठ तू कालव. बरणीत बंद करून आण. पोरीला एकदा माझ्या हातचं खाऊ दे. सगळ्यांच्या आधी तिचा टाकते.” मला रडू आलं. पाच वर्षांत गावातलं कुणी असं पहिल्यांदा म्हणालं होतं.

त्या दिवशी सभागृहाच्या स्वयंपाकघरात मी बरणी नेली, उलथणं नेलं, ताटली नेली. आत्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, त्यांनी मुकाट्यानं धुतले. तवा त्यांनी कागदानं दोनदा पुसला. मी शेजारीच उभी होते. काळा, तुकतुकीत, शंभर वर्षांचं लोणी प्यायलेला तवा माझ्या नाकासमोर होता आणि माझं लक्ष उलथण्यावर होतं.

खिडकीत ऊन आलं, टाळ्या झाल्या आणि उनानं पहिला घास घेतला. तिसऱ्या घासाला ती खोकली. मानेवर चट्टे उठले, मग आवाज बसला. मी सुई टोचली, दहा मिनिटांनी दुसरी. हेलिकॉप्टर येईपर्यंत नर्स तिच्या तोंडावर ऑक्सिजन धरून बसली होती. मी आत्यांकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मारलंत माझ्या पोरीला.” त्यांच्या हातात अजून माझंच उलथणं होतं.

उना वाचली. दोन दिवसांनी आम्ही परतलो तोवर गावानं निकाल लावून टाकला होता. हाल्डोराचं वय झालं, विसरली असेल, लोण्याचा हात लागला असेल. पुढच्या वर्षीचे पॅनकेक दुसऱ्या कुणाकडे द्यायचे. क्यार्तननं आत्यांना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “थोर्डिसला ठाऊक होतं. तव्याचं मी तिला सांगितलं होतं.” त्यानं घरी येऊन मला विचारलं.

मी म्हणाले, “आठवत नाही.”

आठवत होतं. फोटो अजून फोनमध्ये आहे.

आता पाल्मी हवेतल्या लोण्याचं विचारत नाही. आवाज खाली आणून म्हणतो, “म्हातारीला आवरायला हवं होतं तुम्ही.” मी मान डोलावते. फ्रिजवरची यादी लोक आता थांबून वाचतात, हात धुऊन उनाला जवळ घेतात. पाच वर्षं मागून जे मिळालं नाही ते एका म्हातारीच्या अब्रूवर मिळालं, आणि मी ते परत करणार नाही. उना शाळेत जाते. मला दुसरं काही परवडत नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी दारात तवा सापडला. तारेच्या घासणीनं खरवडून राखाडी केलेला, साबणाचा वास येत असलेला. मी तो आत घेतला नाही. खाऱ्या वाऱ्यानं दोन दिवसांत गंज धरला.

क्यार्तन महिनाभर मासेमारीच्या बोटीवर आहे. आत्या मला दार उघडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी एकदाच वाजवलं. तुम्ही या बाजूला आलात तर चर्चच्या खालचं हिरव्या पत्र्याचं घर त्यांचं. मागच्या दारानं जा. माझं नाव काढू नका. त्यांच्या घरात तो एकच तवा होता; त्या कशावर काय शिजवून खातात, तेवढं बघून या.