नारळ माझ्यावर फुटला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रोटाव्हेटर आहे. अंगानं गंजलेला, पात्यांनी झिजलेला आणि, तुमच्यापासून काय लपवायचं, मनानं जळका. ट्रॅक्टरच्या मागं जोडलेलं, गरगर फिरत ढेकळं फोडणारं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. तोच मी. ट्रॅक्टर पुढं, मी मागं. माझं सगळं दुःख एवढंच आहे.

१९९७ साली मी न्हावऱ्याला मल्हारीच्या शिवारात आलो. मल्हारीचे वडील जन्मभर मेंढरांमागं फिरले. मल्हारी मात्र ऊस आणि कांद्यात रमला. पहिल्याच दिवशी मी माती अशी बारीक केली की त्याची आई सारजाबाई सकाळची न्याहारी घेऊन आली आणि चुकून त्याच मातीत पाणी घालून भाकरी थापायला बसली. खोटं वाटत असेल तर बांधावरच्या बाभळीला विचारा. ती पुढं तोडली गेली, त्यात माझा दोष नाही.

पण कौतुक कुणाचं? लाल्याचं. लाल्या म्हणजे आमचा लाल ट्रॅक्टर. त्याला गोंडे, त्याला दोन आरसे, त्याला टेप. वावर माझ्या पात्यांनी मऊ व्हायचं आणि येणारा जाणारा म्हणायचा, "मल्हारी, ट्रॅक्टरनं काम झ्याक केलं हां." खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा व्हायची, तेव्हा लाल्याला झेंडूचा हार, मुठीमुठीनं भंडारा आणि पुढच्या चाकापाशी नारळ. मला हळदीचं एक बोट, तेही पुसट. मित्रांनो, इतकी वर्षं मी लाल्याची फक्त पाठ पाहिली आहे. एखाद्याची पाठच रोज पाहावी लागली की माणूस काय, लोखंडसुद्धा कडवट होतं.

माझ्या मध्यावर दातेरी चाकांची एक बंद पेटी आहे. तिला गिअरबॉक्स म्हणतात. ट्रॅक्टरचा जोर तिथूनच पात्यांपर्यंत जातो. तिच्या डोक्यावर तेल ओतायचं भोक आणि त्यावर बोल्ट. एका उन्हाळ्यात तो बोल्ट उसाच्या खोडक्यात कुठंतरी गळून पडला. मल्हारीनं भोकात चिंधीचा बोळा कोंबला आणि म्हणाला, "उद्या आणू बोल्ट." त्याच आठवड्यात लाल्याला नवी टेप आली. माझा उद्या तीन वर्षं उजाडला नाही.

मग मी कण्हायला लागलो. तेल कमी झालं की दात कण्हतात हे खरं. पण त्यात निम्मा आवाज मी पदरचा घालायचो. एकदा असा हंबरलो की राहू गावच्या बाजारातल्या म्हशींनी मान वळवून पाहिलं. मल्हारीनं काय केलं? टेपचा आवाज वाढवला.

सारजाबाईनं मात्र ऐकलं. २००३च्या खंडेनवमीला सगळे लाल्याभोवती जमले होते. म्हातारी एकटी ताट घेऊन माझ्याकडं आली. भोकातली तेलकट चिंधी तिनं दोन बोटांत धरून लांब फेकली. "देवाच्या दिवशी असलं घाण फडकं," ती पुटपुटली. मूठभर भंडारा माझ्या डोक्यावर उधळला आणि नारळ माझ्याच पेटीवर आपटून फोडला. पाणी खळकन आत गेलं. जाताना तिनं त्या भोकावर झेंडूचं एक फूल बसवलं.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यासारखा सुखी कोणी नव्हता. लाल्याच्या पाठीकडं पाहून मी मनात म्हणालो, आता जळ.

चार दिवस मी मिरवलो. मग दिवाळीच्या सुट्टीत उभा राहिलो. त्यानंतर कांद्याचं रान करायला मला जोडलं, तेव्हा दोन सऱ्यांच्या अंतरात माझ्या पोटात कडकड झालं. या वेळी पदरचा आवाज एक कणही नव्हता. पात्यांनी झटका घेतला आणि मी जागच्या जागी थांबलो.

मल्हारीनं उतरून पेटीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. "झालं ह्याचं," तो म्हणाला. "भांडगावच्या दुकानात नवा बघून ठेवलाय. रविवारी टेम्पो येईल. हा मोडीत घाला म्हणावं."

मोडीत. म्हणजे हातोड्यानं तुकडे आणि भट्टीत वितळणं. रविवार पाच दिवसांवर होता.

रोपं तर लागणीला आलेली, म्हणून शेजारच्या बापूसाहेब पाटलांचा रोटाव्हेटर मागून आणला. हिरवागार, वंगणानं चकचकीत. तो लाल्याला जोडला. मी बांधावर पडून पाहत होतो. माझ्या जागेवर दुसरा, आणि लाल्या एकदासुद्धा अडखळला नाही. सहा वर्षांतली सगळी असूया एकीकडं आणि ती दुपार एकीकडं.

शनिवारी राहूचे भिमाजी मिस्त्री आले. आले होते लाल्याचा क्लच बघायला, पण बांधावर मला पाहून थांबले.

"ह्याला काय झालं?"

"मेला," मल्हारी म्हणाला. "उद्या मोडीत."

"न तपासता जाळतो व्हय? मला तरी बघू दे."

त्यांनी ट्रॅक्टरला जोडायचा माझा दांडा हातानं हळूहळू फिरवला. पान्याचं एक टोक पेटीवर ठेवून दुसरं कानाला लावलं. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग दांडा वरखाली हलवून पाहिला. तो सैल लागला. शेवटी खालचा बोल्ट सोडून घमेल्यात तेल काढलं. काळं यायला हवं होतं. आलं पिवळसर, पांढरट, ताकासारखं.

मिस्त्रींनी बोट बुडवून हुंगलं. मग, मी खोटं सांगत नाही, जिभेला लावलं.

"मल्हारी, हे तेल न्हाई. हळदीचं दूध हाय. आन् नारळाचा वास येतोय."

"नारळ? गिअरबॉक्समधी?"

"मी तीस वर्षांत लई काय काय काढलं ह्या पेट्यांतनं. बेडूक काढला, एकदा कुणाची तरी तपकिरीची डबी काढली. पर परसाद पहिल्यांदाच."

सगळे हसले. सारजाबाई हसली नाही. ओट्यावरून उठून ती घमेल्यापाशी आली.

"मीच फोडला," ती म्हणाली. "रडत होतं ते, मल्हारी. मेंढरू असं रडायला लागलं की तुझा बाप आधी त्याला जवळ घ्यायचा. तू गाणी लावायचास. म्हणलं, ह्याला कुणीच विचारत न्हाई, आपण एक नारळ फोडू."



"मावशी," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "रडणं तुम्हाला बरोबर ऐकू आलं. त्याला तेल पाहिजे हुतं. पाणी गेल्यानं बेरिंगला गंज चढला आन् ते फुटलं. दात शाबूत हायती. बेरिंग आन् सील बदललं की हा अजून दहा वर्षं राबतो. पर खरी चूक तुमची न्हाई. त्या भोकावर बोल्ट असता तर तुम्ही शंभर नारळ फोडा की."

मल्हारीनं टेम्पोवाल्याला नको म्हणून निरोप धाडला.

मिस्त्रींनी माझी पेटी डिझेलनं धुतली. नवं बेरिंग ठोकलं, तेल गळू नये म्हणून सील बसवलं. झाकणाखाली घालायला जाड कागदाचं पॅकिंग नव्हतं, तेव्हा घरातली एक लग्नपत्रिका मागवून झाकणाच्या मापानं कापली. आजही माझ्या पोटात गणपती आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' एवढी ओळ आहे. लाल्याच्या पोटात आहे का असं काही? मग नव्वद नंबरचं तेल, आणि सर्वांत शेवटी, तीन वर्षांनी, बोल्ट.

मित्रांनो, मला वाटायचं, लाल्याचं सगळं मला मिळावं. मिळालं तेव्हा त्यानंच माझं बेरिंग खाल्लं. तुमच्या घरात जे यंत्र मागं राहून राबतं, त्याच्या कण्हण्यावर गाणी लावू नका, आणि फुलंही घालू नका. आधी झाकण उघडून तेल बघा.

पुढच्या खंडेनवमीला नारळ लाल्याच्या चाकापाशीच फुटला. माझ्याकडं सारजाबाई आली ती तेलाचा डबा घेऊन. बोल्ट सोडायला तिनं मल्हारीला लावलं, तेल पुरं झाल्यावर पदरानं भोकाची कड पुसली आणि बोल्ट घट्ट बसला का हे तिनं स्वतः ओढून पाहिलं.

त्या क्षणी लाल्याच्या आरशात मला माझं तोंड दिसलं. म्हणजे आरसा माझ्याकडं वळला होता. वाऱ्यानं वळला असं मल्हारी म्हणतो. त्या दिवशी वारा नव्हता.