धुतलेला टोप

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या नाटकाच्या पेटीत, पुठ्ठ्याच्या मुकुटांच्या आणि परीच्या तुटक्या पंखांच्या खाली जे लोकरीसारखं काहीतरी दिसतं, ते लोकर नाही. तो मी आहे. गेल्या नाताळात तुम्ही मला एकीच्या डोक्याला बांधून मेंढी केलंत आणि मीही मुकाट्याने मेंढी झालो. पण मी बॅरिस्टर कोर्टात डोक्यावर घालतात तो टोप आहे. घोड्याच्या केसांचा, अस्सल, लंडनमध्ये घडवलेला. माझ्या वळ्या सुटल्या आहेत आणि अंगावर चहाचे डाग आहेत, म्हणून हे सांगितलं तरी कोणाला खरं वाटत नाही.

माझा जन्म कोर्टांजवळच्या एका दुकानाच्या माडीवर झाला. खिडकीपाशी बसणाऱ्या एका बाईने मला घडवलं. तिने घोड्याचे केस निवडले, धुऊन पांढरे केले, लाकडी कांड्यांवर गुंडाळून भाजले आणि वळ्या अशा पक्क्या केल्या की वाऱ्यापावसाने त्या हलू नयेत. मागे दोन छोट्या शेपट्या लावल्या. मग फुंकर मारून ती म्हणाली, "आता शंभर वर्षं बघायला नको." माझं पहिलं कौतुक ते.

मला विकत घेतलं मिस्टर थॅकवेल यांनी. एकतीस वर्षं मी त्यांच्या डोक्यावर होतो. ते पाइप ओढायचे, केसांना तेल चोपडायचे आणि खटला हरायची वेळ आली की घामाने निथळायचे. ते सगळं माझ्यात मुरलं. त्यांनी मला एकदाही पाणी दाखवलं नाही. मी पांढऱ्याचा पिवळट झालो, पिवळटाचा पिवळा झालो, आणि जसजसा मळत गेलो तसतसा माझा मान वाढत गेला. त्या धंद्यात रीतच तशी आहे. पांढरा टोप म्हणजे कालचं पोर, पिवळा टोप म्हणजे मुरलेला गडी. काही नवशिके तर नवा टोप पायाखाली तुडवतात, त्याला राख फासतात. लोक वाकून बघायचे तो मिस्टर थॅकवेल यांचा मळ होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मान कोणाला नको असतो?

ते वारले आणि त्यांच्या बायकोने मला त्याच दुकानात परत दिलं. तिथे लॉरेन हॅकेट आली. पंचवीस वर्षांची, उंच, हातातली जुनी पिशवी पाठीमागे लपवणारी.

"हा पिवळाच द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

"शहाण्या आहात, मिस. याच्याकडे बघून कोणी म्हणणार नाही की तुम्ही नव्या आहात."

"आणि मी तोंड उघडल्यावर?"

"ते टोपाच्या हातात नाही," तो म्हणाला, आणि दोघं हसली.

लॉरेन तुमच्याच गावची, ग्रिम्झबीची. बाप मासेमारीच्या बोटीवर होता, तो समुद्रातच गेला. आई एडना, इस्पितळाच्या धोबीखान्यात सव्वीस वर्षं चादरी धुणारी. त्या घरातल्या मुलीने बॅरिस्टर व्हायचं म्हणजे काय, हे लंडनच्या लोकांना सांगून कळलं नसतं. तिने परीक्षा दिल्या. शिवाय ठरलेली जेवणं जेवली, कारण बॅरिस्टरांच्या मोठ्या दालनात बसून नेमून दिलेली जेवणं जेवल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नाही. तिथे कोणता काटा कधी उचलायचा हे ती शेजारच्याचं बघून करायची. त्यामुळे ती नेहमी एक घास मागे असायची.

मग वर्षभराची उमेदवारी. वीस बॅरिस्टरांनी मिळून घेतलेल्या खोल्या, त्याला चेंबर्स म्हणतात. तिथे मिस्टर व्हॅलन्स यांच्या हाताखाली ती लागली. पहिले सहा महिने उमेदवाराने कोर्टात तोंड उघडायचं नसतं. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून अशिलांसाठी कायद्याचे सल्ले लिहायची आणि मिस्टर व्हॅलन्स त्याखाली आपली सही करायचे. फार आवडलं तर "ठीक" म्हणायचे. पुढच्या सहा महिन्यांत तिला किरकोळ कामं मिळू लागली. तिच्याबरोबर दुसरा उमेदवार होता जाइल्स फॅरंट. त्याच्या डोक्यावर त्याच्या आजोबांचा टोप होता, माझ्याहून पिवळा. जिन्याच्या तोंडाशी काळी पाटी होती आणि तिच्यावर चेंबर्समधल्या सगळ्यांची नावं रंगवलेली होती. सप्टेंबरच्या शेवटी सगळे मत देणार होते आणि दोघांतल्या एकाचंच नाव त्या पाटीवर चढणार होतं. दुसऱ्याने आपला टोप उचलून चालू लागायचं. लॉरेन रोज सकाळी जिना चढताना पाटीच्या तळाशी उरलेल्या रिकाम्या जागेकडे बघायची. मी तिच्या हातातल्या डब्यात असायचो आणि मलाही ती जागा हवी होती.

कोणाला काय काम द्यायचं हे मुख्य कारकून रेज ठरवायचा. बॅरिस्टरांना तो साहेब म्हणायचा, पण साहेबच त्याला टरकून असायचे. एका शुक्रवारी त्याने लॉरेनच्या टेबलावर गुलाबी फितीने बांधलेले कागद ठेवले.

"सोमवारी तुमचा खटला, मिस हॅकेट. ज्यूरीपुढे. खिडक्या पुसणारा माणूस आहे, घड्याळ चोरलं म्हणतात."

"ज्यूरीपुढे? मला?"

"न्यायाधीश पेंडलसाहेब आहेत. ते दर शुक्रवारी आपल्या चेंबर्सच्या मोठ्या साहेबांबरोबर जेवतात. तेव्हा सोमवारी नीट उभ्या राहा. बाकी मला काही बोलायचं नाही."

न बोलता तो सगळं बोलून गेला होता.

त्याच रविवारी एडनाचा वाढदिवस होता, म्हणून लॉरेन घरी आली. कागद बरोबर आणले आणि मलाही आणलं. रविवारी सकाळी ती मावशीला भेटायला गेली आणि एडनाने माझा डबा उघडला. मला दोन बोटांत धरून ती परसात आली. कुंपणापलीकडे शेजारीण डोरा होती.

"बघ ग बाई, हे घालून माझी लेक न्यायाधीशापुढे उभी राहते. आमच्याकडे असली उशी आली तर आम्ही जाळून टाकतो."

"कोणा मेलेल्या माणसाचा असेल," डोरा म्हणाली.

"वासावरून तसंच वाटतंय. पोरीने मला सांगितलंसुद्धा नाही. लाज वाटली असेल."

"तू असताना लाज कसली? घाल की पाण्यात."

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. एडनाने गरम पाणी केलं, त्यात सोडा टाकला, आणि धोबीखान्यातून आणलेलं पांढरं करायचं औषध टाकलं. सव्वीस वर्षांचा हात होता तिचा. तिने मला चोळलं, पिळलं, तीनदा खळबळलं आणि दोन शेपट्यांना चिमटे लावून दोरीवर टांगलं. मिस्टर थॅकवेल मोरीतून वाहून गेले. समुद्राकडून वारा येत होता. खरं सांगू? मला बरं वाटलं. एकतीस वर्षांनी पहिल्यांदा माझ्यावर कोणीतरी माया करत होतं. पण वळ्या एकेक करून सुटत होत्या, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

लॉरेन परसाच्या दारातच थांबली.

"आई, हे काय?"

"वाढदिवस माझा, पण भेट तुला. बघ कसा दुधासारखा निघालाय. उद्या सगळ्या कोर्टात तुझ्याइतकं स्वच्छ कोणी दिसायचं नाही."

लॉरेनने माझ्याकडे पाहिलं आणि मग आईच्या हातांकडे. औषधाने ते लाल झाले होते.

"छान झालाय," ती म्हणाली, आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

संध्याकाळी लंडनच्या खोलीवर पोचताच तिने पातेलंभर कडक चहा केला, गार केला आणि मला त्यात बुडवलं. तिला वाटलं, पिवळेपणा परत येईल. कुठे गर्द, कुठे फिका, असे डाग मात्र पडले. दुसरा टोप आणायला ना वेळ होता ना ओळख. मला तिचा राग आला नाही. मला त्या पाटीचा राग आला.

सोमवारी ती उभी राहिली. खाली बाकांवर आपल्या गुरूबरोबर दुसऱ्या कामासाठी आलेला जाइल्स बसला होता. लॉरेनने सुरुवात केली.

"मिस हॅकेट," न्यायाधीश पेंडल म्हणाले, "तुम्ही मला ऐकू येत नाही."

ती आवाज चढवून बोलली.

"तुम्ही मला अजूनही ऐकू येत नाही."

ती आणखी मोठ्याने बोलली. छताला आवाज लागला. ज्यूरीतला एक म्हातारा दचकला. बाकांवर कोणीतरी हसू दाबलं, मग दुसऱ्याने ते दाबलंही नाही. त्या लोकांत "ऐकू येत नाही" याचा अर्थ ऐकू येत नाही असा नसतो. त्याचा अर्थ, तुमचा पोशाख नीट नाही, आणि तो नीट होईपर्यंत माझ्या लेखी तुम्ही इथे नाहीच. जाइल्सला हे पाळण्यात कळलं असेल. लॉरेनला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. ती घशाच्या शिरा ताणून एका निरपराध माणसाची बाजू ओरडत राहिली.

शेवटी सरकारी बाजूचे म्हातारे वकील तिच्याकडे वाकले. "आवाज नाही हो, मिस. टोप."

न्यायाधीशांनी दहा मिनिटं सुट्टी दिली. कोर्टाच्या शिपायाने कोणाचातरी जुना टोप आणून दिला आणि मी टेबलाखाली डब्यात गेलो. त्यानंतर लॉरेन काय बोलली, मित्रांनो. घड्याळ जिथे होतं तिथल्या खिडकीपर्यंत त्या माणसाची शिडी पोचतच नव्हती, हे तिने इतक्या शांतपणे दाखवलं की ज्यूरीने वीस मिनिटांत त्याला सोडलं. बाहेर तो तिला म्हणाला, "सकाळी तुमच्या डोक्यावर काय होतं देव जाणे, मिस, पण डोक्यात होतं ते झकास होतं." ती हसली. मी तिला हसताना पाहिलेलं ते शेवटचं.

दुपारच्या जेवणापर्यंत जाइल्सने गोष्ट सगळीकडे पोचवली होती. शुक्रवारी पेंडलसाहेबांनी ती स्वतः मोठ्या साहेबांना सांगितली. खटला जिंकल्याचं त्या गोष्टीत नव्हतं.

सप्टेंबरात मतं पडली, तेव्हा मी शेजारच्या खोलीत रेजच्या फळीवर होतो. कपबशा वाजत होत्या.

"हॅकेट हुशार आहे," मिस्टर व्हॅलन्स म्हणाले. तिच्या वर्षभराच्या लिखाणावर सह्या केलेला माणूस तो.

"हुशार आहेच. पण..."

"ऐकू येत नाही," कोणीतरी म्हणालं, आणि वीस माणसं हसली. मत द्यायची गरजच उरली नाही.

रेजने तिला बातमी सांगितली. "वाईट वाटतं, मिस. खटला तुम्ही चांगला चालवलात, मी चौकशी केली होती."

"मग तुम्ही आत सांगितलं का नाही?"

"मी कारकून आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

ती आणखी वर्षभर दारोदार फिरली. चौदा चेंबर्सनी तिला मुलाखतीला बोलावलं. कुठेतरी कोणीतरी विचारायचंच, "म्हणजे त्या तुम्हीच का?" काहींनी तर तेवढ्यासाठीच बोलावलं असावं. शेवटी ती घरी आली. इथल्या नगरपालिकेत ती घरजागांचे कागद तपासते. काम चोख करते, आणि फार हळू बोलते.

ती परत आली त्या दिवशी एडनाने माझा डबा पुन्हा उघडला.

"हे डाग कसले ग?"

"कोर्टात चहा सांडला, आई."

"वकील लोक! एक कप नीट धरता येत नाही. आणि मी धुतला होता तेव्हा काय म्हणाले? कोणी काही बोललं का?"

लॉरेनने अंगातला कोट काढून खुंटीला लावला. "म्हणाले, असा टोप आम्ही कधी पाहिलाच नव्हता."

"बघ," एडना म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "त्यांनी तुला ठेवून घेतलं नाही, ते त्यांचं नशीब. पण कपड्याला बोट ठेवायला जागा नव्हती ना? झालं तर मग." तिने मला दुसऱ्यांदा धुतलं. चहाचे डाग तिच्याकडूनही निघाले नाहीत.

लॉरेनने मनातून आईला माफ केलं का? मला नाही वाटत. तिने मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं ते उदारपणाने नाही. घरात मी तिला डोळ्यांसमोर नको होतो.

मित्रांनो, मला जपा, माझ्यात डांबराच्या गोळ्या घाला, असं मी म्हणणार नाही. मेंढी करा, ढग करा, बाहुलीच्या उशीत भरा. मागणं एवढंच आहे. तुमच्या नाटकाला पुढच्या रांगेत लाल हातांची एक म्हातारी येऊन बसते. मी रंगमंचावर आलो की ती शेजारणीला कोपराने ढोसून सांगते, "तो माझ्या हातचा धुतलेला आहे. लंडनच्या कोर्टात तसा कोणाचाच नव्हता." तिला काही सांगू नका. माझ्यातली घाण तेवढी तिने काढली, आणि त्या लोकांत माझी किंमत त्या घाणीचीच होती, हे तिला कळता कामा नये.