रडू नको म्हणालेली बाई

लिडियाबाईंना ते रडणं पहिल्यांदा ऐकू आलं भर दुपारी, तांदूळ निवडताना. आतल्या खोलीत कुणी बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. त्या उठून आत गेल्या. खोलीत कपड्यांची ट्रंक, गुंडाळलेली गादी आणि भिंतीवरचं कॅलेंडर, एवढंच. बाहेर येऊन त्यांनी शेजारच्या दयाबाईला विचारलं, "तुझ्याकडं कुणी रडतंय का गं?"

"नाही हो, बाई. मला वाटलं तुम्हीच..."

लिडियाबाईंची लेक एस्तेर जाऊन अकरा दिवस झाले होते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत दिली होती तिला. पहिलंच बाळंतपण, ती आणि बाळ, दोघंही एकाच सकाळी गेली. पंचाहत्तर सालचा मार्च होता. माती देऊन झाल्यावर चर्चच्या पाळकांनी लिडियाबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "देवानं दिलं, देवानंच नेलं. रडू नका. तुम्ही तर लोकांना धीर देणाऱ्या."

बोलले ते मायेनंच. पण लिडियाबाई चरकल्या. शब्द त्यांचे स्वतःचेच होते.

वीस वर्षं त्या मिशनतर्फे केडगावच्या आसपासची गावं फिरत होत्या. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मयताच्या घरी शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची. दुःख देवाच्या हातून येतं, ते हूं की चूं न करता घ्यावं, असं त्या सांगत. ऐकणाऱ्यांना ते पटे. निदान तसं लिडियाबाईंना वाटे.

रडणं रोज येऊ लागलं. उन्हं तापली, गल्ली सामसूम झाली, की सुरू. त्यांचे यजमान बन्यामीन दौंडला रेल्वेत फिटर होते. ते म्हणाले, "मांजर असेल." रविवारी ते घरी होते. लिडियाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना आतल्या खोलीच्या दारात उभं केलं. "ऐका." बन्यामीन बराच वेळ उभे राहिले. मग बायकोच्या तोंडाकडं बघत हळूच म्हणाले, "तू जरा पड बरं."

आणखी चार दिवसांनी त्यांना तो आवाज ओळखू आला. दोन हुंदके, मग एक उचकी, आणि कुणी तोंड दाबावं तसं एकदम बंद. हे त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. न्हावऱ्यात, बाहत्तरच्या दुष्काळात.

न्हावऱ्यात ख्रिस्ती घरं तीनच. त्यातल्या जयसिंगची बायको धुरपदा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सहा वर्षांची हौसा तिच्याबरोबर असायची. तिथंच पोरीला हगवण लागली आणि दोन दिवसांत ती गेली. धुरपदा जमिनीवर हात आपटून आक्रोश करत होती. लिडियाबाईंनी तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली. "रडू नको, धुरपदा. रडणं म्हणजे देवावर अविश्वास." धुरपदेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दोन हुंदके, एक उचकी. मग काहीच नाही.

त्यानंतर गावोगाव लिडियाबाई तिचा दाखला द्यायच्या: विश्वास असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी चौफुल्याला न्हावऱ्याची एसटी धरली. धुरपदा अंगणात गोवऱ्या थापत होती. तीन वर्षांत ती दहा वर्षांनी थकल्यासारखी दिसत होती.

"बाई, लई दिसांनी," ती म्हणाली.

"माझी एस्तेर गेली, धुरपदा."

धुरपदेचे हात थांबले. "कवा?"

"पंधरवडा उलटून गेला."

"रडला का तुमी?"

लिडियाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मी बी न्हाई," धुरपदा म्हणाली. "तुमी सांगितलं तवापासनं डोळ्याला पानी न्हाई. सासरा मेला, न्हाई रडले. मालक म्हनला, बाई हाईस का धोंडा? हितं कायतरी अडकल्यालं हाय." तिनं शेणाचा हात छातीवर ठेवला. "भाकर बी त्याच्या कडंनं खाली जाती."

"मी चुकीचं सांगितलं तुला."

"चुकीचं? शास्त्रात न्हाई व्हय ते?"

"शास्त्रात दुसरंही आहे. ते मी तुला वाचून दाखवलं नाही. प्रभूचा एक मित्र वारला होता. प्रभूला ठाऊक होतं, याला आपण आता उठवणार. तरी त्याच्या बहिणीला रडताना बघून तोही रडला. आणि स्वतःच्या मरणाच्या वेळी तर मोठ्यानं ओरडला, देवा, मला का टाकलंस म्हणून. दुःख त्यानं घेतलं गं. पण मुक्यानं नाही घेतलं."

"देव रडला?"

"रडला."

"आन् त्याला कुनी गप बस म्हनलं न्हाई?"

"नाही. लोक म्हणाले, बघा, किती जीव होता याचा त्याच्यावर."

"मंग मला का म्हनला तुमी?"

लिडियाबाई म्हणाल्या, "मला तुझं रडणं ऐकवेना. भीती वाटली. माझ्या घरी एस्तेर होती ना."

धुरपदेचे खांदे हलले. एक हुंदका आला, दुसरा आला, मग उचकी. आवाज तोच होता, आतल्या खोलीतला. धुरपदेचा हात पदराकडं गेला तसा लिडियाबाईंनी तो पकडला आणि शेणासकट आपल्या गालाशी धरला.

"हौसा गंऽऽ!" धुरपदा ओरडली. तिच्या त्या ओरडण्यासरशी लिडियाबाईंच्या पोटातूनही लेकीचं नाव फुटलं.

पलीकडच्या घरातून कस्तुराबाई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. तिच्या मागं आणखी चार बायका. "काय झालं? कोन गेलं?"

"हौसा गेली," लिडियाबाई म्हणाल्या. "आणि माझी एस्तेर."

तीन वर्षांपूर्वी हौसाला शेवटचं पाणी कस्तुराबाईनंच घातलं होतं. ती क्षणभर नुसती उभी राहिली. मग खाली बसली आणि तिनं धुरपदेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. एकेक करून बाकीच्या बायकाही टेकल्या.

जयसिंग शेतातून आला तेव्हा चूल थंड होती. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेतलं, आणि बायकांच्या मागं भिंतीला टेकून तोही बसला.