मागे न घेतलेले विधेयक

माझी बायको मनकर्णा पाच वर्षे लोकसभेत होती. मागच्या थंडीत ती वारली. शोकसभेत लोकांनी तिच्याबद्दल बरेच सांगितले. त्यातले काही मला माहीत नव्हते आणि काही झालेच नव्हते. मला माहीत आहे तेवढे मी लिहितो. मी कापडाच्या मिलमध्ये साचे चालवले, लिहायची सवय नाही.

बासष्टच्या निवडणुकीत पक्षाला एक बाई हवी होती आणि एक उमेदवार आमच्या समाजाचा हवा होता. मनकर्णात दोन्ही जमले. निवडून आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हते. हिंदी नागपूरची होती, त्यावर तिकडचे लोक हसत. "हसू द्या, हसाले तरी ऐकावं लागते नं," असे ती म्हणायची. पहिली दोन वर्षे ती मागच्या बाकावर बसून तिथली रीत पाहत होती.

शुक्रवारी दुपारी सदस्यांना स्वतःची विधेयके मांडता येतात. तोवर अर्धे लोक गाडी पकडायला गेलेले असतात. चिठ्ठीत नाव निघाले तर बोलायला मिळते. मंत्री उत्तरात काहीतरी आश्वासन देतो, सदस्य आभार मानतो आणि विधेयक मागे घेतो. बहुतेकांचे असेच होते आणि त्याचे कोणी वाईट वाटून घेत नाही.

पासष्ट साली चिठ्ठीत तिचे नाव निघाले. तिचे विधेयक छाटीचे होते.

नागपुरात आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीत बायका घरी विड्या वळतात. पान-तंबाखू ठेकेदार देतो. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर माल घेताना तो खराब विड्या बाजूला काढतो. ती छाट. छाटीची मजुरी बाईला मिळत नाही आणि विडीही परत मिळत नाही. ठेकेदार तीच विडी बंडलात बांधून विकतो. मनकर्णाची आई जन्मभर हेच काम करत होती. विधेयकात कलम एकच होते: छाटलेली विडी बाईच्या डोळ्यांसमोर मोडावी. मोडायचीच असेल तर ठेकेदार चांगली विडी छाटणार नाही, एवढा साधा विचार होता.

ते बघायला मी रजा काढून दिल्लीला गेलो. बरोबर मनकर्णाची थोरली वहिनी अंजनाबाई आणि वस्तीतल्या आणखी दोन बायका होत्या. अंजनाबाईने मंत्र्याला दाखवायला छाटीची एक जुडी आणली होती. ती मनकर्णाला खासदार म्हणून मिळालेल्या नॉर्थ अव्हेन्यूच्या घरात टेबलावर पडली होती.

सकाळी चंपतराव आले. ते आमच्याच पक्षाचे, विदर्भातलेच जुने खासदार.

"काय बाई, नागपूरची फौज आणली का?" असे म्हणत त्यांनी जुडीतली एक विडी काढून पेटवली. "बरी हाये गा. कोणाची?"

"छाट हाये ते, दादा," अंजनाबाई म्हणाली. "ठेकेदारानं खराब म्हणून फेकली. तुमी पिऊन राहिले."

चंपतराव मोठ्याने हसले. विडी मात्र त्यांनी विझवली नाही.

"हे पाहा मनकर्णाबाई," ते म्हणाले, "मंत्री म्हणतील समिती नेमतो. तुमी आभार माना अन् मागं घ्या. मत मागान तर आपल्याच सरकारच्या विरोधात जाते. पुढच्या तिकिटाचं मग मले विचारू नका."

"समिती किती दिवस बसते, दादा?"

"ते का तुमच्या-माझ्या हाती हाये?"

"मंग बसू द्या," मनकर्णा म्हणाली.

तिने मान्य केले असे समजून चंपतराव गेले. मलाही तसेच वाटले.

दुपारी आम्ही वरच्या गॅलरीत बसलो. तिथे पुढे वाकायचे नाही, बोलायचे नाही. मनकर्णा थोडे बोलली. आज सकाळी माझ्या घरी एका सन्माननीय सदस्यांनी छाटलेली विडी ओढली आणि बरी आहे म्हणाले, असे तिने सांगितले तेव्हा लोक हसले. चंपतराव कागद बघत राहिले. एका सदस्याने इंग्रजीत काही विनोद केला, त्यावर जास्त हसले. मंत्र्यांनी समितीचे आश्वासन दिले. मग पीठासीन अध्यक्षांनी तिला विचारले, विधेयक मागे घेता ना?

"नहीं, अध्यक्ष महोदय. वापस नहीं लेती."

तिला प्रश्न कळला नसेल असे वाटून त्यांनी पुन्हा विचारले. तिने तेच सांगितले. मग त्यांनी इंग्रजीतून मत घेतले. बाजूने तिचा आवाज आणि समोरच्या बाकांवरचे दोघे-तिघे. विरोधात बाकी सगळे. विधेयक पडले. दिवसाचे ते शेवटचे काम होते, त्यामुळे सभा उठली आणि सगळे उभे राहिले. मनकर्णाने अध्यक्षांना हात जोडले.

बायका त्याच संध्याकाळी जी.टी. एक्स्प्रेसने परत निघाल्या; गाडीच्या घाईत कोणाशी बोलणे झाले नाही. मी थांबलो. अधिवेशन संपल्यावर आम्ही दोघे नागपूरला उतरलो तर फलाटावर अंजनाबाई हार घेऊन उभी.

"हे काहून, वहिनी?"

"काहून म्हंजे? कायदा केला नं तू!"

आमच्या वस्तीच्या बैठकीत एक रीत आहे. ज्याचे म्हणणे पंचांना पटत नाही त्याला ते शब्द मागे घ्यायला सांगतात. त्याने नाही म्हटले आणि तरी पंच उठले, तर त्याचा शब्द राहिला असे धरतात. अंजनाबाईने वरून तेच पाहिले होते. मनकर्णाला दोनदा विचारले, तिने मागे घेतले नाही, आणि सभा उठली. इंग्रजीतले मधले तिच्या कानावरून गेले. गावी येऊन तिने बायकांना सांगितले आणि त्या दिवसापासून बायका रुपराव ठेकेदाराच्या ओसरीवर छाट मोडत होत्या. रुपराव दिल्लीच्या नावाला भिऊन गप्प होता.

घरी मी म्हटले, "चालून राहिलं तं चालू दे. तू कशाले बोलतं?"

"उद्या तो कोणाले विचारून येईन. मंग वहिनीनं तोंड कुठं लपवावं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ओसरीवर गेलो तेव्हा रुपराव खरेच विचारून आला होता.

"बाई, तुमीच सांगा. गांधीबागेतला वकील म्हणते, कायदा पडला."

सगळ्या बायका मनकर्णाकडे बघू लागल्या.

"पडला," ती म्हणाली. "वकील खरं बोलला."

"पण तू मागं नाही घेतलं वं!" अंजनाबाई म्हणाली.

"नाही घेतलं. तरी पडला, वहिनी. तिथची रीत आपल्यावानी नाही."

रुपराव हसला आणि छाटीच्या टोपलीकडे हात नेला.

"रुपरावजी," मनकर्णा म्हणाली, "छाट खराब असते नं?"

"खराब म्हणून तं छाट."

"खराब माल तुमी विकत नाही नं?"

इतक्या बायका समोर बसल्या होत्या. "मी काहून विकू?" रुपराव म्हणाला.

"मंग मोडली तं तुमचं काय जाते? मोडावी असा कायदा झाला नाही. मोडू नये असाही झाला नाही."

रुपरावने टोपलीवरचा हात काढला. अंजनाबाईने टोपलीतून मूठभर विड्या उचलल्या आणि त्याच्याकडे बघत मोडल्या.

"असं दिल्लीत काहून नाही बोलले, बाई?" शेवटी तो म्हणाला.

"तिथं टोपली समोर नव्हती."

सदुसष्टला तिकीट दुसऱ्याला गेले. चंपतराव स्वतः सांगायला आले, चहा पिऊन गेले. मनकर्णा पुन्हा उभी राहिली नाही. ती रोज संध्याकाळी माल घ्यायच्या वेळी रुपरावच्या ओसरीवर जाऊन बसायची. ती बसलेली असली की छाट मोडली जायची. शेजारच्या ओसऱ्यांवर नाही. तिकडच्या बायका म्हणत, तुमच्यासाठी दिल्लीत कायदा झाला, आमच्यासाठी कुठे झाला? असा कायदा झालेलाच नाही, हे ती त्यांना दर वेळी सांगायची. त्यांना पटायचे नाही.

ती गेल्यावर काही महिन्यांनी रुपरावच्या मुलाने टोपली आत न्यायला सुरुवात केली. अंजनाबाई माझ्याकडे आली.

"भाऊजी, तुमी येऊन बसा."

"मी काही खासदार नाही."

"ते तरी कुठं होती इतकी वर्षं?"

या आठवड्यात मी जाऊ लागलो. मला तिच्यासारखे बोलता येत नाही, म्हणून नुसता बसतो. पहिल्या दिवशी मुलगा टोपली उचलून दारापर्यंत गेला, माझ्याकडे बघून थांबला, आणि टोपली परत आणून ठेवली. बायकांनी छाट मोडली. नंतर मी घरी आलो आणि स्वतःपुरता भात टाकला.