काकूंच्या नवऱ्याचे शेवटचे शब्द

रविवारी दुपारी छापखान्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मग जिन्याच्या पायऱ्याही. आत्म्यांशी बोलणाऱ्या म्हणून नावाजलेल्या आक्का आल्या, त्यांनी डोळे मिटले आणि गेलेल्या माणसांच्या आवाजात बोलू लागल्या. मधूनच, लहर क्षीण आहे, कुणी खोकू नका, अशी ताकीद द्यायच्या. मेलेल्यांना खोकल्याचं एवढं वावडं का, हे कुणी विचारलं नाही. एका निवृत्त मास्तरांना त्यांच्या दिवंगत पत्नीनं गुडघ्यांना जपायला सांगितलं, तेव्हा ते ओंजळीत तोंड लपवून रडले.

मी मागच्या रांगेत वही घेऊन बसले होते. वर्तनशास्त्राच्या एम.ए.चं माझं दुसरं वर्ष. जोडीदार गेल्यावर माणसं कशी जगतात, हा प्रबंधाचा विषय. त्यासाठी बारा जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या काकू त्यांतल्याच एक. तुझ्या अभ्यासाला उपयोग होईल म्हणत त्यांनीच मला इथं आणलं होतं.

आक्कांनी मान काकूंकडे वळवली. आवाज खाली गेला, घोगरा झाला.

"आजार लपवलास. फसवलं मला."

काकूंच्या हातातली पिशवी गळून पडली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डॉक्टरांनी थोडेच महिने दिले होते आणि काकूंनी नवऱ्याला पोटातला साधा फोड आहे असं सांगितलं होतं. ही गोष्ट त्यांनी पोटच्या मुलीलाही सांगितली नव्हती. सांगितली होती फक्त मला, मुलाखतीत.

पुढचे चार दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. भर वर्गात तो घोगरा आवाज कानात घुमायचा. संख्याशास्त्राच्या तासाला सरांनी दोनदा हटकलं. शोक आणि अपराधभाव यांवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती, त्यातलं एक अक्षर मदतीला येईना. काकूंनी तर मशीनला हात लावायचं सोडलं होतं. मुलगी सांगत होती, आई जेवत नाही, भिंतीकडे बघून माफी मागते.

पाचव्या दिवशी काकूंच्या मुलाखतीचे टाइप केलेले कागद काढले. तिसऱ्या पानावर नवऱ्याचं शेवटचं बोलणं होतं : 'फसवलं मला'. त्यावर माझ्याच लाल पेनाची काट होती आणि वर दुरुस्ती : 'बसव मला'. मी रेकॉर्डिंग लावलं. पंख्याच्या घरघरीतून काकूंचा आवाज आला, "एवढंच म्हणाले, बसव मला."

ती चूक रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणाऱ्याची होती. दुरुस्ती फक्त माझ्या प्रतीवर. मग आक्कांच्या तोंडी आलेला आत्मा नेमका चुकीची प्रत वाचून कसा आला?

विभागासमोरच्या टायपिंगवाल्यानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. त्याची बायको आक्कांची भक्त. दुःखी माणसांसाठी प्रार्थना करायची आहे, असं आक्का म्हणाल्या आणि तो कागदांची एकेक प्रत देत गेला. आपण पुण्यच करतोय असं त्याला वाटत होतं. आणि माझं पाप? नावांऐवजी क्रमांक घालायचे असतात, हा पहिल्या वर्षीच शिकवलेला नियम. कंटाळा आला म्हणून मी नावं तशीच ठेवली होती.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "प्रबंध राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी बाराही जणांच्या घरी जा आणि हे स्वतःच्या तोंडानं सांग."

काकूंना सगळं सांगून मी रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी ते ऐकलं. वाक्य तिथं संपत नव्हतं. पुढं त्यांचाच आवाज सांगत होता, की मग मी पाठीशी दोन उशा लावल्या, त्यांना बसवलं, आणि ते खिडकीतून बघत राहिले.

"बसवलं होतं मी," काकू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "रविवारी येशील माझ्याबरोबर?"

रविवारी आक्कांच्या हॉलमध्ये काकूच उभ्या राहिल्या. मी ते पान वाचलं, रेकॉर्डिंग ऐकवलं. मग मास्तरही उठले. तेही माझ्या बारांतलेच. त्यांनी स्वतःच आपला कागद वाचला. गुडघ्यांची गोष्टही त्यात होती.

आक्कांनी डोळे उघडले. "आत्मे कागदातूनही बोलतात, मुली."

"टायपिंगच्या चुकांसकट?" मास्तरांनी विचारलं.

निम्मा हॉल उठून गेला. उरलेला निम्मा बसून राहिला, हेही सांगायला हवं. माझं एक वर्ष वाया गेलं, ते जायलाच हवं होतं.

काकूंचं मशीन पुन्हा सुरू झालं आहे. पण शिवता शिवता ते मध्येच थांबतं. "खोटं आहे ते कळतं गं," त्या म्हणतात, "पण आता ते शब्द ह्यांच्याच आवाजात ऐकू येतात." मग मी रेकॉर्डिंग लावते. उशांपर्यंत ऐकलं की त्या पुन्हा पायडलवर पाय ठेवतात.

तुमच्या मनातलं गुपित कुणी परक्यानं सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढंच करा. ते तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं, ते आठवा, आणि त्यानं ते पुढं कुणाच्या हाती दिलं, हे त्याला जाऊन विचारा.